कपात झाली, पण ठरवली कोणी?

विधानसभेच्या कामकाजात ‘कपात सूचना’ नावाचे एक जुने आयुध आहे. एखाद्या खात्याची अनुदानाची मागणी सभागृहापुढे आली की सदस्य लेखी सूचना देतो, या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत. शंभर रुपयांनी कोणाचे काही बिघडत नाही. पण त्या निमित्ताने खात्याच्या कारभारावर बोलता येते, मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, आणि सूचना मंजूर झालीच तर सरकारची नामुष्की होते. राज्यघटनेच्या २०३व्या अनुच्छेदाने विधानसभेला मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा तिच्यातली रक्कम कमी करण्याचा अधिकार दिला आहे, त्याचेच हे रोजच्या कामकाजातले रूप. खर्चाला कात्री लावायची तर ती लोकांनी निवडून दिलेल्यांनी, उघडपणे, कारण सांगून लावावी, हा त्यामागचा विचार आहे. महाराष्ट्रात गेल्या दोन वर्षांत खर्चाला मोठी कात्री लागली. ती या वाटेने लागली नाही. सभागृहाने जे मंजूर केले, ते वर्षभर मोकळेच झाले नाही, किंवा उशिरा झाले, किंवा भलतीकडे वळले. आणि त्याच काळात सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांशी कडाकडा भांडत होते ते राज्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे यावर.

अर्थसंकल्प मंजूर झाला म्हणजे पैसे मिळाले, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. मंत्रालयात किंवा जिल्ह्यात काम करणाऱ्याला तरतूद आणि वितरण या दोन शब्दांतले अंतर पक्के ठाऊक असते. तरतूद म्हणजे सभागृहाने दिलेली परवानगी. वितरण म्हणजे ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर वित्त विभागाच्या संमतीने प्रत्यक्ष मोकळी झालेली रक्कम. जिल्ह्यातला आहरण व संवितरण अधिकारी आपले लेखाशीर्ष उघडतो तेव्हा तरतुदीच्या रकान्यात पूर्ण आकडा दिसतो. वितरणाच्या रकान्यात कधी त्याचा निम्मा असतो, कधी शून्य. जोवर त्या प्रणालीवरून वितरणाची पावती, म्हणजे ‘बीडीएस’, निघत नाही तोवर कोषागार देयक स्वीकारत नाही. काम झालेले असते, मोजमाप पुस्तकात नोंद झालेली असते, मुलांनी वसतिगृहात वर्ष काढलेले असते, पण देयक टेबलावर पडून राहते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम वितरण होते आणि ३१ तारखेच्या रात्री कोषागाराचे दिवे उशिरापर्यंत जळत राहतात. तेव्हाही आले नाही, तर रक्कम व्यपगत होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने मागावी लागते. या सगळ्या प्रवासात कुठेही ठराव होत नाही. कोणी उभे राहून म्हणत नाही की या वर्षी अमुक योजनेला आम्ही निम्मेच पैसे देणार आहोत. माझे म्हणणे एवढेच आहे की ही कपात आहे, तिला कपातच म्हटले पाहिजे, आणि ती करण्याचा निर्णय ज्यांच्या नावावर असायला हवा त्यांच्या नावावर तो आला पाहिजे.

आधी चालू वादाचे आकडे पाहू. २०२५-२६चा अर्थसंकल्प तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मार्च २०२५ मध्ये मांडला. एकूण खर्च ७ लाख कोटींच्या घरात, महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट सुमारे १ लाख ३६ हजार कोटी, आणि वर्षअखेरीस कर्ज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज. विरोधकांनी कर्जाचा आकडा उचलला आणि राज्य कर्जाच्या डोंगराखाली गाडले गेले असे सांगितले. सत्ताधाऱ्यांनी प्रमाण उचलले आणि सांगितले की कर्ज स्थूल राज्य उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत आहे, मर्यादा २५ टक्क्यांची आहे, राजकोषीय तूटही तीन टक्क्यांच्या आत आहे, तेव्हा चिंता नको. दोघांचेही आकडे खरे आहेत. म्हणूनच हा वाद कधी संपत नाही आणि त्यातून काही हातीही लागत नाही. सरकार बदलले की बाके बदलतात आणि भाषणांची अदलाबदल होते. महाविकास आघाडीच्या काळात आज सत्तेत असलेले ‘डोंगरा’वर बोलत होते आणि आजचे विरोधक ‘मर्यादे’वर.

दोन्ही बाजूंची खरी वृत्ती दिसली ती २०२४ मध्ये. लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या ४८पैकी १७च जागा महायुतीला मिळाल्या. त्यानंतर २८ जूनला मांडलेल्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. पात्र महिलेला महिना १,५०० रुपये, वार्षिक खर्च ४६ हजार कोटी. त्याच दिवशी महसुली तूट २०,०५१ कोटी दाखवली होती. पण पुढच्या ११ दिवसांतच, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यातले २५ हजार कोटी या एका योजनेचे. वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या सुमारे १५ टक्के रक्कम अर्थसंकल्प मांडून दोन आठवडे होण्याच्या आत जादा मागितली जाते, याचा अर्थ २८ जूनला मांडलेला हिशेब हा वर्षाचा हिशेब नव्हताच. विरोधी पक्षांनी यावर टीका केली. मग नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी त्यांनी स्वतःचा जाहीरनामा काढला आणि त्यात महिलांना महिना ३,००० रुपये व तीन लाखांपर्यंतची कर्जमाफी देऊ केली. महायुतीने २,१०० रुपये आणि कर्जमाफीचे वचन दिले. पैसा कोठून येणार आणि कोणत्या खर्चातून जाणार, हे दोन्ही जाहीरनाम्यांना सांगता आले नाही. त्यामुळे आज ‘तुम्ही राज्य विकले’ आणि ‘तुम्ही महिलांचे विरोधक’ ही जी शब्दांची फेक चालते, तिच्यात मतभेद फार थोडा आहे. वाटण्याबद्दल दोघेही एकमताचे होते. कापण्याबद्दल दोघेही गप्प होते.

पण गप्प राहिले म्हणून कापणे टळत नाही. ते आकड्यांत आपोआप उमटते, आणि साध्या भागाकाराने ते सापडते. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार रुपये. निवडणुकीनंतर सरकारच लाभार्थींची संख्या २ कोटी ४० लाखांच्या आसपास सांगत होते. गुणाकार केला तर ४३ हजार कोटींहून थोडे अधिक होतात. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तरतूद होती ३६ हजार कोटींची. छत्तीस हजार कोटींना अठरा हजाराने भागले की दोन कोटी महिला येतात. म्हणजे चाळीस लाख महिलांचे पैसे मार्च महिन्यातच हिशेबातून गेले होते. ज्यांना शेतकरी सन्मानाच्या दोन योजनांतून महिना हजार मिळतात त्यांना वरचे पाचशेच द्यायचे, हे धरले तरी फरक फारसा भरून निघत नाही. अर्थसंकल्पाच्या भाषणात हे वाक्य नव्हते. पुढे छाननी सुरू झाली, जुलैमध्ये २६ लाखांहून अधिक खात्यांचे पैसे थांबवल्याचे सांगण्यात आले, त्यात १४ हजारांवर पुरुष निघाले, मग ई-केवायसी आली. अपात्रांना वगळणे योग्यच आहे. पण पात्रतेच्या अटी पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या होत्या. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा नंतर सुचलेली नव्हती. मतदानाआधी तपासणी झाली नाही आणि मतदानानंतर ती झाली, हा क्रम प्रशासनाचा म्हणून समजावून सांगता येणार नाही. आणि तरीही पैसे पुरले नाहीत. डिसेंबर २०२५च्या पुरवणी मागण्यांत या योजनेसाठी आणखी सहा हजार कोटींवर रक्कम मागावी लागली.

मग ताण गेला कुठे? तो गेला शेजारच्या लेखाशीर्षांवर. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवल्याचे समोर आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, आपल्याला विश्वासात घेतले नाही असे सांगितले. सरकारची बाजू अशी की लाभार्थींत अनुसूचित जाती-जमातींच्या महिलाही आहेत, तेव्हा त्यांच्या वाट्याचा खर्च त्या विभागांनी उचलावा. हे उत्तर वरवर पाहता पटण्यासारखे आहे, पण ते मान्य केले तर अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेचा अर्थच उरत नाही. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवण्यामागे हेतू असा की सर्वसाधारण योजनांतून जे मिळते त्याच्या वर काही मिळावे, शिष्यवृत्ती मिळावी, वसतिगृह उभे राहावे, वस्तीत पाणी पोचावे. सगळ्यांना मिळणारे दीड हजार त्या निधीतून द्यायचे झाले, तर इतर महिलेला दीड हजार मिळतात आणि दलित महिलेला तिच्याच मुलाच्या वसतिगृहाच्या पैशातून दीड हजार मिळतात.

हे एकाच पक्षाचे पाप नाही, आणि पक्षीय वाद किती पोकळ असतो याचा सर्वांत स्वच्छ पुरावा शेजारीच आहे. कर्नाटकात काँग्रेस सरकारने २०२३ मध्ये गृहलक्ष्मीसह पाच ‘गॅरंटी’ आणल्या आणि २०२३-२४ मध्ये त्यांच्यासाठी अनुसूचित जाती-जमाती उपयोजनांतल्या ११ हजार कोटींहून अधिक रकमेचा आधार घेतला. तिथे तर या निधीचे संरक्षण करणारा कायदा २०१३ पासून आहे. तिथल्या भाजपने यावर रान उठवले आणि युक्तिवाद बरोबर तोच केला जो महाराष्ट्रात काँग्रेस करते. तिथल्या काँग्रेसने जे उत्तर दिले तेच महाराष्ट्रात महायुतीने दिले. सोलापूरहून विजापूरला जाताना राज्याची हद्द ओलांडली की दोन्ही पक्षांची मते पालटतात. तेव्हा हा वाद तत्त्वाचा आहे असे कोणी सांगू लागले तर दोन्ही राज्यांतली भाषणे शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत.

दुसरे उदाहरण ताटातले आहे. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. जेवणाऱ्याने दहा रुपये द्यायचे, उरलेले सरकारने केंद्रचालकाला द्यायचे, शहरात थाळीमागे ४० रुपये, ग्रामीण भागात २५. केंद्र चालवणारा म्हणजे बहुतेक ठिकाणी एखादी खानावळ किंवा महिला बचत गट. रोज शंभर थाळ्या देणाऱ्या शहरी केंद्राचे सरकारकडे दिवसाला चार हजार रुपये होतात. देयक सहा महिने आले नाही तर सात लाखांहून अधिक रक्कम अडकते. किराणावाला सहा महिने थांबत नाही, गॅसची टाकी उधार मिळत नाही. अशा वेळी योजना बंद झाल्याचा शासन निर्णय निघण्याची गरजच पडत नाही. केंद्रचालक आधी थाळ्या कमी करतो, मग फलक उतरवतो. २०२५ मध्ये ठिकठिकाणच्या केंद्रांची देयके महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारी येत राहिल्या. ‘आनंदाचा शिधा’चेही तेच. २०२२च्या दिवाळीत शिंदे सरकारने तो सुरू केला, शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल. २०२५च्या गणपतीत आणि दिवाळीत तो मिळाला नाही. अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनी लाडकी बहीण योजनेमुळे इतर योजनांवर ताण आल्याचे जाहीरपणे सांगितले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचेच म्हणायला हवे. थाळी आघाडी सरकारची आणि शिधा महायुतीचा. दोघांचीही गत एकच झाली. त्यातली कोणती चालावी आणि कोणती थांबावी यावर सभागृहात मतदान झाले असते, तर निदान रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला कळले असते की आपल्या बाजूने कोण होते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप वजनदार आहे. तूट मर्यादेत आहे, कर्ज मर्यादेत आहे, रिझर्व्ह बँकेमार्फत राज्याचे रोखे सहज विकले जातात, मग संकट कुठे आहे? याचे उत्तर सरकारी हिशेबाच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे सरकारचे हिशेब रोखीच्या तत्त्वावर ठेवले जातात. पैसा कोषागारातून बाहेर पडला की खर्च झाला. काम झाले, बिल आले, पण पैसा दिला नाही, तर त्या वर्षीच्या खर्चात त्याची नोंद नाही. आणि खर्चात नोंद नाही म्हणजे तुटीतही नाही, कर्जातही नाही. राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये आपल्या थकबाकीचा आकडा ९० हजार कोटींच्या आसपास सांगितला. तो फुगवलेला असू शकतो. पण त्यातला निम्मा जरी खरा धरला, तरी तो त्या वर्षीच्या महसुली तुटीएवढा होतो, आणि तुटीच्या कोणत्याही अधिकृत आकड्यात तो सापडत नाही. ज्या घराने बँकेचे कर्ज फार काढलेले नाही, पण वाणी, दूधवाला आणि शाळेची फी तीन-तीन महिने थकवली आहे, त्या घराची परिस्थिती बँकेच्या पासबुकावरून कळत नाही. तीन टक्क्यांची मर्यादा पाळली जाते, याचे एक कारण देयके थांबवली जातात हे आहे. मर्यादेच्या नियमाने सरकारला शिस्त लावायची होती. त्याऐवजी उशीर करण्याचे बळ दिले. बाराव्या वित्त आयोगाने देय-प्राप्य तत्त्वावर हिशेब ठेवण्याची शिफारस केली त्यालाही आता वीस वर्षे उलटली.

दुसरा आक्षेप प्रशासनातून येतो. वर्षात काय घडेल सांगता येत नाही, पूर येतो, दुष्काळ येतो, केंद्राचा हिस्सा उशिरा येतो. वित्त विभागाला हात मोकळे हवेत. हे खरे आहे. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली शिवारे मातीसकट वाहून गेली, आणि सरकारला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. डिसेंबरच्या ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्यांत मदत व पुनर्वसनाचा वाटा मोठा होता, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याआधी ३० जूनलाही ५७,५०९ कोटी मागितले होते, तेव्हा पूर आलेला नव्हता. दोन्ही मिळून मूळ अर्थसंकल्पाच्या १९ टक्के होतात. अर्थसंकल्पाचा जवळपास पाचवा हिस्सा पुरवणीतून येत असेल, तर ती अडचणीतली सोय राहिली नाही, अर्थसंकल्पच दोन हप्त्यांत मांडायची रीत झाली. आणि कॅगचे राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचे अहवाल दुसरी बाजूही दाखवत आले आहेत. पुरवणीने रक्कम घ्यायची आणि वर्षअखेरीस मूळ तरतूदही पूर्ण खर्च झालेली नसायची. ही लवचीकता नव्हे.

हात मोकळे ठेवूनही उघडपणे कापता येते, याला याच राज्यातला दाखला आहे. ४ मे २०२० रोजी, टाळेबंदीत महसूल आटला असताना, वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. कार्यक्रम खर्चाच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नवी कामे नाहीत, आरोग्याची खाती सोडून नवी भरती नाही. त्यावर टीका झाली, व्हायलाही हवी होती, कारण त्यातली काही कलमे विचार न करता सरसकट लावलेली होती. पण टीका करता आली याचे कारण कागद समोर होता. कपात किती, कोणाची, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सहीने, हे चार ओळींत वाचता येत होते. अर्थात तो निर्णयही सभागृहात ठरलेला नव्हता, आणि महाविकास आघाडीच्या ज्या पक्षांनी तो काढला त्यांनाच आज न बोलता होणाऱ्या कपातीबद्दल बोलण्याचा जास्त अधिकार आहे असेही मी म्हणणार नाही. त्यांच्याच काळात नियमित कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्यांना ५० हजारांचे प्रोत्साहन जाहीर झाले आणि ते खात्यात पडायला २०२२ उजाडले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो मांडणारी माणसे गरिबांच्या बाजूची आहेत. ती म्हणतात, कपात आणि शिस्तीची ही भाषा शेवटी बाईच्या हातातल्या दीड हजारांवरच येऊन पडते. उद्योगांना दिलेल्या सवलती, रखडून दुपटी-तिपटीने महागलेले प्रकल्प यांवर कोणी बोट ठेवत नाही. त्यांची भीती रास्त आहे. दीड हजार रुपये स्वतःच्या नावाच्या खात्यात येणे याचे मोल ज्या घरात औषधासाठीही हात पसरावा लागतो तिथे विचारावे. माझा युक्तिवाद त्या पैशाच्या विरोधात नाहीच. उलट, जे पैसे उसन्या तरतुदीवर उभे आहेत ते पहिल्या झटक्याला छाननीच्या नावाखाली निघून जातात, हे आपण पाहिले. ज्याला ही योजना दहा वर्षे टिकावी असे वाटते, त्याने तिच्यासाठी पैसा कोठून येतो हे विचारलेच पाहिजे. आणि उद्योगांच्या सवलती कपातीतून सुटतात याचेही कारण तेच आहे. कात्री अंधारात चालते तेव्हा जो दुबळा असतो त्याचेच कापले जाते. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याला वित्त विभागात कोणी ओळखत नाही.

महाराष्ट्राने हे एकदा फार चांगले करून दाखवले आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली. मागेल त्याला काम, ही खर्चाला मर्यादा नसलेली हमी होती. त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र पैसा उभा केला. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामासाठी दरमहा काही द्यायचे, असे सरळ सांगून तो लावला गेला, आणि जमा झालेल्या रकमेला सरकारने आपला वाटा जोडायचे ठरले. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याला विरोधी पक्षांचाही मनापासून पाठिंबा होता. देशाने २००५ मध्ये जो कायदा केला त्याचे मूळ इथे आहे. आजही पगारपत्रकावर व्यवसाय कराची ओळ असते, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. बहुतेकांना ती कशासाठी आली हे आता माहीत नाही, पण जेव्हा आली तेव्हा माहीत होते. त्याच्याशी आजची तुलना करा. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि १४ हजार कोटी जादा मिळतील असे सांगितले. निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण हा पैसा कोणत्या वचनासाठी उभा केला, तो कमी पडला तर पुढे काय, हे सांगून नागरिकाला भागीदार करून घेण्याची तयारी त्यात नव्हती. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्याकडे स्वतःचे कर थोडेच उरले आहेत, मद्य, इंधन, मुद्रांक. म्हणून तर प्रत्येक वाढीव रुपयाचा पत्ता लिहून ठेवणे अधिक गरजेचे आहे.

चौथा आक्षेप असा की वितरणाचे आणि थकबाकीचे आकडे उघड केले तर ते फक्त पक्षीय भांडणाला नवे खाद्य होईल. होऊ दे. भांडण हे लोकशाहीतले वाईट काम नाही, ते कशावरून होते हे महत्त्वाचे. कर्जाच्या आकड्यावरचे भांडण वीस वर्षे चालले तरी कोणत्याही विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती एक दिवस लवकर आली नाही. अमुक वसतिगृहाचे पैसे ऑक्टोबरपर्यंत का थांबवले, यावरचे भांडण झाले तर नोव्हेंबरमध्ये ते पैसे येण्याचा संभव आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा अडवून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या काँग्रेसने १९७४ मध्ये कायदाच केला. मंजूर रक्कम रद्द करायची असेल तर राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसला तसे कळवायचे, आणि ४५ दिवसांत काँग्रेसने मान्यता दिली नाही तर पैसा सोडायचा. त्या कायद्यावरून तिथे आजही रण माजते, पण निदान अडवलेल्या पैशाला तिथे कायद्यात नाव आहे. आपल्याकडे तरतूद ही फक्त खर्चाची वरची मर्यादा मानली जाते. खाली किती यायचे याला तळ नाही.

एवढा मोठा कायदा उद्याच व्हावा अशी अपेक्षा मी करत नाही. चौदाव्या वित्त आयोगापासून एन. के. सिंह समितीपर्यंत आणि पुढे पंधराव्या आयोगानेही स्वतंत्र वित्तीय परिषदेची शिफारस केली, ती केंद्रातही झालेली नाही. पण एक काम या विधिमंडळाला, कोणत्याही आयोगाची वाट न पाहता, करता येण्यासारखे आहे. दर तिमाहीला प्रत्येक विभागाचा एक कागद सभागृहाच्या पटलावर यावा. त्यात चार रकाने असावेत. तरतूद किती, वितरण किती, खर्च किती आणि थकीत देयके किती. पहिले तीन आकडे ‘बीम्स’वर रोजच्या रोज तयार होत असतात. चौथा प्रत्येक कार्यालयाच्या देयक नोंदवहीत असतो, तो फक्त गोळा करायचा आहे. जिथे वितरण तरतुदीच्या ठरावीक हिश्शाखाली राहील तिथे मंत्र्याने पाचव्या रकान्यात कारण लिहावे. आणि हे सरकार मनावर घेईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, कोणत्याही बाकावरच्या एका सदस्याने सामाजिक न्याय विभागाच्या मागणीवर शंभर रुपयांची कपात सूचना द्यावी आणि तिच्यात एवढेच विचारावे की गेल्या वर्षी सभागृहाने या खात्याला दिलेल्या रकमेतले किती मोकळे झाले, किती मुलांची शिष्यवृत्ती अजून थकली आहे, आणि ती थांबवण्याच्या टिपणीवर सही कोणाची आहे.